डेलिया लावताय? आधी कंदाचा डोळा शोधा

डेलियाचा कंद हातात आला की बहुतेक जण तो मातीत पुरतात, वरून भरपूर पाणी घालतात आणि रोज सकाळी कोंब आला का ते बघायला जातात. आठवडा जातो, दोन जातात, तीन जातात. शेवटी न राहवून माती उकरली तर हाताला लागतो तो मऊ, कुबट वासाचा लगदा. मग ‘आपल्याकडे डेलिया होत नाही’ असा निकाल लागतो आणि कुंडीत दुसरंच काहीतरी लावलं जातं.

खरं तर हे झाड अवघड नाही. नवख्यांचे कंद वाया जातात ते मुख्यतः दोन कारणांनी: एक तर कंदाला डोळाच (जिथून कोंब फुटतो तो ठिपका) नसतो, किंवा कोंब येण्याआधी पाणी जास्त झालेलं असतं. ही दोन कारणं नीट समजली तर पुढच्या गोष्टी हळूहळू जमत जातात. म्हणून या लेखात त्या दोन पायऱ्यांवर जास्त थांबले आहे, बाकीच्या थोडक्यात.

डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला. १७९१ मध्ये माद्रिदच्या वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस यांनी त्याला स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स दाल यांच्यावरून नाव दिलं, आणि १९६३ पासून तो मेक्सिकोचा राष्ट्रीय पुष्प आहे. बागेच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं एवढंच की तो डोंगरउतारावरचा आहे. भरपूर ऊन, गार रात्री, पाणी झटकन वाहून जाईल अशी माती आणि वर्षातून एकदा कोरडी विश्रांती, असं त्याचं मूळचं राहणीमान. आपल्या बागेत यातलं जेवढं देता येईल तेवढं द्यायचं.

लागणारं सामान

- डोळा असलेले निरोगी कंद किंवा तयार रोपं
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि माती जड असेल तर जाड वाळू
- प्रत्येक उंच झाडामागे दीड मीटर उंचीची एक मजबूत काठी, आणि मऊ सुतळी किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या
- धारदार सुरी, छाटणीची कात्री आणि ती निर्जंतुक करायला ब्लीचचं पाणी (१ भाग ब्लीच, ९ भाग पाणी)
- गंधकाची पूड
- साठवणीसाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), व्हर्मिक्युलाइट (हलकं, ओल धरणारं खनिज) किंवा लाकडाचा भुसा
- न पुसणारं पेन आणि पट्ट्या. हे सगळेच विसरतात. कंद काढल्यावर सगळे एकसारखे दिसतात, तेव्हा पट्टी नसेल तर लाल कुठला आणि पांढरा कुठला हे कळायला पुढचा बहर यावा लागतो.

१. कोणता डेलिया हवा ते ठरवा

प्रकार शेकड्यांनी आहेत. पाच सेंटिमीटरच्या आतले गोल गरगरीत पॉमपॉन आहेत, टोकदार गुंडाळलेल्या पाकळ्यांचे कॅक्टस आहेत, रुंद पाकळ्यांचे डेकोरेटिव्ह आहेत, आणि २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, ताटाएवढी फुलं देणारेही आहेत. झाडाची उंची जातीप्रमाणे ३० सेंटिमीटरपासून माणसाच्या उंचीपर्यंत जाते.

पहिल्या वर्षी बुटके किंवा मध्यम उंचीचे प्रकार घ्या. ताटाएवढ्या फुलांचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्यांना आधार, खत आणि कळ्यांची काटछाट हे सगळं काटेकोर लागतं, आणि एका पावसाच्या सरीत ते फूल भिजून मान टाकतं. लहान, गोल फुलांची झाडं दोन-तीन महिने सतत फुलत राहतात. मला स्वतःला तीच जास्त आवडतात. मधमाश्या आणि फुलपाखरं यावीत असं वाटत असेल तर एकेरी पाकळ्यांचा प्रकार घ्या, कारण भरगच्च फुलात त्यांना परागापर्यंत पोहोचताच येत नाही.

एक सापळा इथेच सांगते. गर्द निळ्या डेलियाचे फोटो लावून बी आणि कंद विकले जातात. खरा निळा डेलिया बाजारात मिळत नाही. जांभळा मिळेल, फिकट जांभळा मिळेल. निळा दिसला तर फोटो रंगवलेला आहे असं समजा.

२. कंद घेताना मान आणि डोळा तपासा

बटाट्याला अंगभर डोळे असतात. बटाटा कापून डोळा असलेला कुठलाही तुकडा लावला तरी चालतो. डेलियाचं तसं नाही. त्याचा कंद म्हणजे अन्न साठवून फुगलेलं मूळ. त्या मुळाला स्वतःहून कोंब फुटत नाही. कोंब फुटतो तो फक्त कंदाच्या वरच्या टोकाला, जिथे तो जुन्या खोडाला चिकटलेला असतो त्या गाठीवर. या गाठीला आपण माथा म्हणू. माथा आणि फुगीर भाग यांच्यामध्ये जी निमुळती जागा असते ती मान.

म्हणून कंद हातात घेतला की वरून खाली असा बघा:

- माथ्याचा तुकडा कंदाला लागून आहे का? नसेल तर कंद कितीही जाडजूड असो, तो मातीत महिनोन्महिने तसाच पडून राहील, कदाचित मुळंही सोडेल, पण झाड होणार नाही.
- मान शाबूत आहे का? मान दुमडून आतून तुटली असेल तर कंद लोंबकळतो. हलकेच हलवून पाहा.
- माथ्यावर बारीक उंचवटा, गुलाबी किंवा हिरवट ठिपका दिसतो का? तोच डोळा.
- कंद दाबल्यावर घट्ट लागतो का? थोडा सुरकुतलेला चालेल, मऊ पडलेला नको.

आकारावर जाऊ नका. करंगळीएवढा कंद, पण डोळा असलेला, हा मुठीएवढ्या आंधळ्या कंदापेक्षा कधीही चांगला. पाकिटातून येणाऱ्या घोसात तीन-चार कंद एकाच खोडाला चिकटलेले असतात; तो घोस तोडू नका, तसाच लावा.

डोळा दिसत नाही, पण माथा तर आहे, असं असेल तर कंद लगेच टाकून देऊ नका. उथळ ट्रेमध्ये जेमतेम ओलसर कोकोपीट पसरा, त्यात कंद अर्धे बुडतील असे ठेवा, माथा उघडा राहू द्या. उबदार, उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी दोन-तीन आठवडे ठेवलं की जिवंत डोळे फुगून वर येतात. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी गळायला नको, इतपतच ओलं हवं.

३. जागा आणि माती

रोज किमान सहा तास थेट ऊन. यात तडजोड केली तर झाड उंच, किडकिडीत होतं आणि फुलं कमी येतात. उन्हाळा कडक असेल तर सकाळचं ऊन आणि दुपारी विरळ सावली चांगली, कारण पारा ३० अंशांच्या बराच वर राहू लागला की कळ्या लहान होतात, गळतात. वाऱ्याच्या तोंडावरची जागा टाळा, खोड पोकळ असतं आणि सहज मोडतं.

माती थोडीशी आम्लधर्मी, साधारण ६.५ सामू (पीएच) असलेली, भुसभुशीत. चिकणमाती असेल तर वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १५-२० सेंटिमीटर उंच करा, निचऱ्याचा प्रश्न त्याने बराचसा सुटतो. कुंडीत लावायचा असेल तर बुटक्या जातीला ३० सेंटिमीटर आणि मोठ्या जातीला ४० सेंटिमीटर तोंडाची कुंडी लागेल. कुंडीखालची ताटली काढून टाका.

४. लागवड, पण काठी आधी

वेळ हवामानावर ठरते. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे शेवटचा गारठा सरून माती सुमारे १५ अंशांपर्यंत तापली की. जिथे हिवाळा सौम्य आणि पाऊस जोराचा, तिथे पाऊस ओसरल्यावर, म्हणजे फुलं थंडीत येतात. कंद लावल्यापासून पहिल्या फुलाला साधारण अडीच ते तीन महिने लागतात, त्या हिशेबाने मागे मोजा.

खड्डा १० ते १५ सेंटिमीटर खोल घ्या. उंच जात असेल तर खड्ड्याशेजारी काठी आत्ताच ठोका. झाड मोठं झाल्यावर काठी ठोकली तर ती नेमकी कंदात घुसते, आणि त्या जखमेतून कूज शिरते. कंद आडवा ठेवा, डोळा वरच्या बाजूला आणि काठीच्या दिशेने. वर हलकी माती लोटा, पायाने दाबू नका. उंच जातींमध्ये ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर, बुटक्यांमध्ये ३०. दाट लावलं की हवा खेळत नाही आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) पहिल्यांदा तिथेच येते. नावाची पट्टी खोचायला विसरू नका.

५. कोंब दिसेपर्यंत पाण्याचा हात आवरा

पुरलेल्या कंदाला ना पानं असतात ना पाणी शोषणारी मुळं. त्याला सुरुवातीला लागतं ते सगळं त्याच्या पोटात साठवलेलं असतं. अशा वेळी घातलेलं पाणी त्याला पिता येत नाही. ते भोवती साचतं आणि कंद कुजवतं. म्हणून माती लावताना किंचित ओलसर असेल तर कोंब वर येईपर्यंत पाणी अजिबात देऊ नका. हवा फार कोरडी असेल आणि माती बोटभर खोलवर धुळीसारखी झाली असेल तर वरून हलका शिडकावा पुरे. पुढच्या काही दिवसांत जोराचा पाऊस येणार असेल तर लागवड लांबवा किंवा वाफ्यावर आडोसा करा.

कोंब दोन ते चार आठवड्यांत वर येतो. उकरून बघू नका. कोवळा कोंब नखाच्या धक्क्यानेही तुटतो.

झाड वीतभर झालं, की गणित उलटतं. आता त्याला पाणी हवं आणि भरपूर हवं. रोज थोडं थोडं देण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा, पण मुळांच्या खालपर्यंत पोहोचेल असं सावकाश पाणी द्या. कुंडीला कडक उन्हात रोजही लागेल. पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाण्याचा पाइप उचलू नका. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर ते फक्त उन्हाने दमलेलं झाड होतं.

६. शेंडा खुडा

पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, झाड साधारण ३० सेंटिमीटर झालं, की मधला शेंडा वरच्या जोडीच्या वर खुडून टाका. नव्या माणसाला हे जिवावर येतं. पण शेंडा असेपर्यंत झाडाचा जोर वरच चढत राहतो आणि बगलेतले डोळे निजलेले राहतात. शेंडा गेला की प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी निघते. एका दांडीऐवजी सहा-आठ दांड्या मिळतात. पहिलं फूल आठवडा-दोन आठवडे उशिरा येईल एवढंच. अगदी बुटक्या जातींना मात्र याची गरज नसते.

जसजसं झाड वाढेल तसतसं दर ३० सेंटिमीटरवर काठीला आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारा. तारेने बांधू नका, ती खोड कापते.

७. खत देताना नत्र आवरा

लावताना मातीत मिसळलेलं शेणखत पहिला महिना पुरतं. नंतर दर तीन-चार आठवड्यांनी नत्र (नायट्रोजन) कमी आणि स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅशियम) जास्त असलेलं खत द्या. पाकिटावरच्या तीन आकड्यांपैकी पहिला, म्हणजे नत्राचा, सगळ्यात लहान हवा, ५-१०-१० असं काहीतरी. हिरवळीला घालायचं खत किंवा युरिया डेलियाला नको. त्याने झाड काळंभोर हिरवं आणि दांडगं दिसतं, पण कळ्या येत नाहीत आणि कंद असे पाणचट होतात की साठवणीत टिकत नाहीत. हंगामाच्या शेवटच्या महिन्यात खत बंद.

८. कळ्या आणि फुलं

फांदीच्या टोकाला सहसा तीन कळ्या येतात. मोठं, लांब दांड्याचं फूल हवं असेल तर मधली ठेवून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच काढा. बागेत नुसता रंग हवा असेल तर हे करायची गरज नाही.

वाळलेलं फूल मात्र काढलंच पाहिजे, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि नवी कळी मंदावते. इथे गोंधळ होतो, कारण पाकळ्या गळालेलं फूल आणि नवी कळी दुरून सारखी दिसतात. कळी गोल, थोडी चपटी आणि घट्ट असते. संपलेलं फूल टोकदार, शंकूसारखं आणि दाबल्यावर मऊ. फक्त डोकं तोडू नका. खाली जिथे नवे फुटवे दिसतात तिथपर्यंत दांडी कापा.

फुलदाणीसाठी पहाटे कापा, आणि फूल तीन-चतुर्थांश उमललेलं असतानाच. कळी कापली तर ती पाण्यात उमलत नाही. दांडीचं टोक सुमारे ७० अंशांच्या गरम पाण्यात बुडवून तासभर तसंच निवू द्यायची अनेक बागकाम करणाऱ्यांची पद्धत आहे. पाणी रोज बदललं की चार-सहा दिवस फूल छान राहतं.

हंगाम संपत आला की भरगच्च फुलांच्या मध्यातही पिवळी चकती दिसायला लागते. जात बिघडली असं वाटून घाबरू नका, दिवस लहान झाल्याचा तो परिणाम आहे. त्याच काळात जमिनीखाली कंद भरायला लागतात.

९. कीड आणि रोग

गोगलगाई कोवळ्या कोंबांच्या वैरी. कोंब आला होता आणि सकाळी नाहीसा झाला, तर रात्री विजेरी घेऊन बाहेर पडा आणि हाताने वेचा. झाड वीतभर होईपर्यंत बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन घालू नका, त्याखालीच त्या दडतात. पाकळ्या रात्रीत कुरतडल्या जात असतील तर शेपटीला चिमटा असलेला तपकिरी किडा असेल. चुरगाळलेला कागद पालथ्या कुंडीत भरून ती काठीवर टांगा, दिवसा ते किडे त्यात लपतात, तेव्हा झटकून टाका.

मावा आणि फुलकिडे यांना पाण्याचा जोरदार फवारा आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी पुरते. फवारणी संध्याकाळी करा, मधमाश्या घरी गेल्यावर. कोरड्या उन्हात पानं फिक्या ठिपक्यांनी भरली आणि मागे बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी, पानांची खालची बाजू पाण्याने धुवा. भुरी आली तर खालची पानं काढून हवा खेळती करा आणि गंधक फवारा, मात्र तेल आणि गंधक पाठोपाठ मारू नका, पानं करपतात.

पानांवर शिरांच्या कडेने पिवळे पट्टे, झाड खुजं, पानं वाकडी, असं असेल तर तो विषाणू. याला औषध नाही. झाड कंदासकट उपटा, कंपोस्टमध्येही टाकू नका. जात कितीही आवडती असली तरी त्याचे कंद जपून ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षी माव्यामार्फत तोच रोग सगळ्या वाफ्यात पसरवणं. घरात कुत्रा-मांजर असेल तर त्यांना पानं चावू देऊ नका, त्वचेला आणि पोटाला त्रास होऊ शकतो.

१०. कंद काढणं आणि वेगळे करणं

गारठ्याने पानं काळी पडली, किंवा सौम्य हवामानात झाड आपणहून पिवळं पडलं, की खोड १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापा. मग आठवडाभर तसंच राहू द्या, या काळात डोळे जरा ठळक होतात. बुंध्यापासून ३० सेंटिमीटर लांब चारी बाजूंनी खणून घोस खालून उचला. खोड धरून ओढू नका! सगळ्या माना एका झटक्यात तुटतात, आणि वर सांगितलंच आहे की मान तुटलेला कंद कामाचा नाही.

माती धुवा, कंद सावलीत सुकवा. लगेच वेगळे करायचे की लागवडीच्या आधी, यावर दोन मतं आहेत. आत्ता माथा मऊ असतो, सहज कापता येतो. नंतर तो लाकडासारखा होतो, पण डोळे स्पष्ट दिसतात. पहिलं वर्ष असेल तर घोस तसाच ठेवा आणि डोळे फुगल्यावर कापा. कापताना आधी खोड उभं दुभागा, मग प्रत्येक कंदासोबत माथ्याचा एक डोळेवाला तुकडा येईल अशी सुरी चालवा. एका घोसातले सगळे कंद उपयोगी निघत नाहीत, निम्मे निघाले तरी खूश व्हा. प्रत्येक घोसानंतर सुरी ब्लीचच्या पाण्यात बुडवा. कापलेल्या जागी गंधक लावा आणि एक-दोन दिवस जखम सुकू द्या.

११. साठवण

कंदाला अंधारी, हवा खेळती आणि ४ ते १० अंश तापमानाची जागा आवडते. खोक्यात भुसा किंवा जेमतेम ओलसर कोकोपीट घालून, कंद एकमेकांना न लागतील असे रचा. बंद प्लास्टिकची पिशवी नको. महिन्यातून एकदा उघडून पाहा: सुरकुतले असतील तर पाण्याचा बारीक शिडकावा, बुरशी दिसली तर तो भाग कापून गंधक, मऊ पडले असतील तर बाहेर. फळांच्या टोपलीजवळ ठेवू नका.

इतकी गार जागा सगळ्यांकडे नसते. कुंडीतला डेलिया असेल तर सोपं आहे: खोड कापा, पाणी पूर्ण बंद करा आणि कुंडी पाऊस न लागणाऱ्या सावलीत आडवी ठेवून द्या. जमीन गोठत नसेल आणि निचरा उत्तम असेल तर कंद जागेवरच राहू शकतात, दोन-तीन वर्षांतून एकदा काढून वेगळे केले की झालं.

१२. छाट आणि बी

एकाच कंदापासून अनेक झाडं हवी असतील तर लागवडीआधी ट्रेमध्ये फुटलेले सात-आठ सेंटिमीटरचे कोंब बुंध्याशी थोडा माथा घेऊन कापा (हेच छाट), खालची पानं काढा आणि वाळू-कोकोपीटमध्ये लावा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात, आणि ही झाडं मूळ झाडासारखीच निघतात.

बियांचं तसं नाही. बहुतेक प्राण्यांत आणि अनेक वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियात आठ. त्यामुळे एकाच फुलाच्या बियांतून दहा वेगळे रंग आणि आकार निघतात. ठरावीक फूल हवं असेल तर बी लावू नका. पण एक कोपरा रिकामा असेल तर बी जरूर टाका, आठ-दहा दिवसांत उगवतं आणि त्याच हंगामात फुलतं, कंदही धरतं. त्यातलं एखादं रोप मनात भरलं तर फूल झाडावर असतानाच खोडाला पट्टी बांधा. ते फूल पुन्हा मिळेल ते त्याच्या कंदातून किंवा छाटातून, बियांतून नाही.